लांब पोळीचा डावा हात

"तिले म्हन शलाका, मले दोन्ही हात सारखेच. पोयीले काय डावा-उजवा कयते का?"

जयंती काळबांडे खुर्चीच्या टोकावर बसून बोलत होती. शेजारी बसलेली शलाका ते डचमध्ये करून समोरच्या वकीलबाईंना सांगत होती. दोघींच्या तोंडावर मास्क, मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पडदा, आणि पडद्यापलीकडे मार्लीस नावाच्या उंच्यापुऱ्या वकीलबाई कानामागं हात धरून ऐकत होत्या. २०२२ सालचा जानेवारी. आइंडहोव्हनची दुकानं पुन्हा बंद-उघड, बंद-उघड चालली होती.

"थांबा जयाताई, तिचा प्रश्न नीट सांगते," शलाका म्हणाली. ती पुण्याची. जवळच्याच फेल्डहोवनला जयंतीच्या गल्लीतच राहायची आणि दुभाषाचं काम करायची. "लस देणाऱ्यांच्या विमा कंपनीचं म्हणणं असं, की लस डाव्या हाताला दिली. तुम्ही लिहिता-जेवता उजव्यानं. म्हणजे कमी कामाचा हात दुखावला. तेव्हा भरपाई पण कमी."

"कमी कामाचा? बाप्पा! त्या कंपनीच्या मानसाले म्हन, एका हातानं चादर झटकून दाखव म्हना."

शलाकानं ते सांगितलं. मार्लीसबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "पण काम नेमकं कसलं? इथं 'पॅनकेक बनवणे' असं लिहिलंय."

"कोन लिवलं थे? पॅनकेक नाही म्हन तिले. तुमचा थो पॅनकेक तव्यावर पसरते. माही पोयी हातावर पसरते."

आता हे कसं सांगावं? नागपूरकडची उपड्या मडक्यावरची लांब पोळी ज्यानं पाहिली नाही, त्याला ती सांगून कळत नाही. शलाका पुण्याची असून तिलाही पहिल्यांदा कळली नव्हती. लोकवन गव्हाची कणीक भिजवायची, तीही इतकी सैल की परातीत धरून ठेवता येऊ नये. मग ती आपटायची. हाताला चिकटेनाशी होऊन रबरासारखी ताणली जाईपर्यंत आपटायची. मग त्यातला गोळा ओल्या तळव्यांवर घेऊन या हातावरून त्या हातावर झुलवायचा. झुलता झुलता तो बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत उतरतो, पदरासारखा पातळ होतो. आणि मग दोन्ही खांद्यांच्या एका हेलकाव्यात तो अख्खा पदर तापलेल्या मडक्यावर टाकायचा. एक खांदा मागं राहिला की पोळी मडक्यावर न पडता विस्तवात पडते.

शलाकानं सांगायचा प्रयत्न सोडला आणि फोन काढला. २०१९ सालच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तिच्याकडे होता. तिनं तो पडद्याला लावून धरला.

मार्लीसबाई बघत होत्या. जयंतीही वाकून बघू लागली. मराठी मंडळाचा हॉल, मागं पोरांचा गोंगाट, कोणीतरी "काकू, इकडे बघा" म्हणतंय. आणि मधोमध ती स्वतः, पदर खोचलेली, घामेजलेली, आणि तिचा डावा हात उजव्याच्या जोडीनं वर जातोय, खाली येतोय, काही विचार न करता. जयंतीला त्या हाताकडं बघताना एखाद्या जवळच्या माणसाचा जुना फोटो बघावा तसं झालं. आपण कशा दिसतो ते तिनं पाहिलंच नाही. हातच पाहिला.

व्हिडिओ संपला. मार्लीसबाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "हा मला पाठवा. आणि पॅनकेक मी खोडते."

काटोलच्या पलीकडच्या गावात जयंतीनं ही पोळी शिकली ती तिच्या मोठमायकडून, म्हणजे थोरल्या चुलतीकडून. गावात लगीन असलं की मांडवामागं चुली लागायच्या, एकेका चुलीवर एकेक मडकं उपडं, आणि प्रत्येकीपुढं एकेक बाई. बाया एकमेकींच्या पोळ्यांवर टपून असायच्या. कोणाची लांब, कोणाची आखूड, कोणाची मधेच फाटली, यावर वऱ्हाडापेक्षा जास्त चर्चा. मोठमाय बोलायची कमी. पण तिची पोळी पडली की बाकीच्यांचा आवाज जराकसा बसायचा. बाकीच्या बायांचे धुरानं डोळे लाल, दंडावर पिठाचे ओघळ, आणि तोंडात कोणाची तरी नक्कल. त्या बायांना कोणी कधी "तुमचा कमी कामाचा हात कोणता?" असं विचारलं असतं तर त्यांनी त्याला त्याच कणकेत तिंबलं असतं.

लग्न करून जयंती प्रतापच्या घरी आली आणि पोरगी शाळेत जायला लागायच्या आधी त्याच्यामागं फेल्डहोवनला. प्रताप कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. ती नुसतीच त्याची बायको. व्हिसावर तसंच लिहिलेलं. पहिल्या हिवाळ्यात ती खिडकीशी बसून सायकली मोजायची. दुसऱ्या खेपेला नागपूरहून येताना तिनं मडकं आणलं. रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन, विमानभर. विमानतळावरच्या माणसानं विचारलं यात काय आहे, तर प्रताप म्हणाला, "म्युझिकल इन्स्ट्रुमेंट." त्या माणसानं वाजवून दाखवा म्हटलं असतं तर काय केलं असतं, यावरून ती दोघं पुढं कितीतरी वर्षं हसली.

मागच्या अंगणात सायकली ठेवायची लाकडी शेड होती. सायकली बाहेर भिजायला गेल्या आणि आत मोठी गॅसशेगडी, तिच्यावर मडकं. आधी मंडळाचे कार्यक्रम, मग कोणाचं डोहाळजेवण, कोणाची वास्तुशांत. मग रीतसर नोंदणी करून धंदाच. तिची बोली मात्र तिनं बदलली नाही. पुण्या-मुंबईच्या बाया सुरुवातीला गालात हसायच्या. पुढं त्याच बाया पोळ्या मागताना "जयाताई, आमच्यासाठी लय ठेवा बरं" असं तिच्या तोंडचं उसनं घेऊ लागल्या.

आणि खरं सांगायचं तर, तिचे सगळ्यात भरातले दिवस कोरोनाचे. लोकांनी ते दिवस घरात कोंडून काढले म्हणतात. जयंतीनं शेडमध्ये काढले. हॉल बंद, हॉटेलं बंद, विमानं बंद, आणि माणसांना घरच्या चवीची अशी भूक लागलेली की विचारू नका. शनिवारी सकाळी तिच्या गल्लीत सायकलींची रांग लागायची. दोघांमध्ये दीड मीटर, सरकारनं सांगितल्याप्रमाणे. दीड तासावरच्या हूफडॉर्पहून एक बापई गाडी घेऊन यायचा. माय गावाकडं आजारी, इकडं विमान नाही. तो पोळी तिथंच उभ्यानं खायचा आणि न बोलता जायचा. शेजारची डच म्हातारी खिडकीतून हात हलवायची. तिला वाटायचं हे काहीतरी लशीचंच केंद्र आहे. जयंती आतून ओरडायची, "अवो, सरका मांगं, पोलीस येईन!" आणि रांग खिदळत अर्धं पाऊल मागं सरायची. पुढं सगळं उघडलं, तशी रांग पुन्हा कधी तेवढी झाली नाही. आजही तो काळ निघाला की लोक मरणाच्या गोष्टी काढतात. तिला आधी ती रांग आठवते, मग आपण असं आठवतो याची थोडी लाज वाटते, पण आठवते ती रांगच.

२०२१च्या जूनमध्ये तिचा लशीचा नंबर आला. खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, बाण काढलेले. सव्वा वर्षात पहिल्यांदा शेड सोडून बाहेर चार माणसांत जायचं, म्हणून तिनं ठेवणीतला कुर्ता काढला. नागपूरच्या शिंप्यानं शिवलेला, बाह्या मनगटापर्यंत चापून बसलेल्या. नटून लस घ्यायला गेलेली ती एकटी नव्हती म्हणा. त्या दिवशी अर्धा हॉल लग्नाला आल्यासारखाच होता. पण बाही कोपराच्या वर सरकेना. लस देणारा पोरगा चांगला होता, हसरा, घाईतला. तो म्हणाला, काढा ना एक हात बाहेर. पडदा लावलेली खोली बाजूला होती. ती ना त्यानं दाखवली, ना तिनं मागितली. चारचौघांत कुर्ता उतरवायचा? तिनं गळा ओढून खांदा तेवढा उघडा केला. काम करायचा नाही तो हात द्यावा, असं सगळे म्हणत होते, म्हणून डावा. पोरगा उभा, ती बसलेली. दंडावर द्यायची सुई फार वर, खांद्याच्या हाडाच्या कडेलाच गेली.

हात दुखला. सगळ्यांचाच दुखत होता. प्रतापचा दोन दिवसांत बरा झाला, तिचा नाही. घरच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितली, कारण या देशात पाय तुटला तरी आधी तीच सांगतात. ऑगस्टपर्यंत तिला मागून केसांपर्यंत हात नेता येईना. शरद ऋतूत स्कॅन झाला, तेव्हा तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं की स्नायूऐवजी खांद्याच्या सांध्यालगतच्या पिशवीत औषध गेलंय, सूज धरलीय, आणि सांधा आखडलाय. लशीचा दोष नाही, जागेचा. तिथून शलाकानं तिला मार्लीसबाईंकडं नेलं.

शेड बंद झाली. मडक्यावर प्रतापनं जुना टॉवेल टाकून ठेवला. सकाळी कारखान्यात जायच्या आधी तो तिची वेणी घालायचा. पहिल्या दिवशी अशी घातली की मुलगी विशाखा म्हणाली, "आई, धिस इज नॉट अ वेणी, धिस इज अ केबल." पण तो शिकला. इंजिनियर माणूस, तीन पेड एकदा कळले की चुकत नाही.

आता प्रतापची चूक. ती त्यानं वाईट हेतूनं केली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. विम्याच्या कंपनीनं आणि मार्लीसबाईंनी मिळून एक तज्ज्ञ डॉक्टर ठरवला. दोन्हीकडचा नाही असा, उत्रेख्तचा. तो एप्रिलमध्ये तिचा खांदा तपासणार, आणि तो सांगेल त्यावर भरपाई. हे कळलं आणि प्रतापच्या डोक्यात त्याचे उल्हासमामा उभे राहिले. मामांना एसटीनं उडवलं होतं, नागपूरच्या कोर्टात दावा चालला होता, आणि मामा दर तारखेला गळ्यात पट्टा बांधून जायचे. तारीख संपली की समोरच्या टपरीवर पट्टा काढून खिशात घालायचे आणि चहा प्यायचे. घरात ही गोष्ट हुशारीची म्हणून सांगितली जायची.

"हे पाय जयंती," तो म्हणाला, "फिजिओकडं जाऊन जाऊन तुझा हात वर जायला लागला. डॉक्टर पाहीन तर म्हणंन, काय झालंय हिला? तोपर्यंत राहू दे व्यायाम. फिजिओला सांगू, कोविड झाला." आणि त्यानं औषधाच्या दुकानातून हात अडकवायची निळी झोळी आणली.

तिला ते पटलं नाही. पण आठ महिने या माणसानं भांडी घासली, वेणी घातली, एक शब्द बोलला नाही. म्हणून तिनं झोळी गळ्यात घातली.

महिनाभर. मार्चच्या शेवटी एका सकाळी ती फोडणीला हिंग घ्यायला गेली. मधल्या फळीवर डबी. ही फळी तिनं फेब्रुवारीत जिंकली होती, त्या दिवशी घरात शिरा झाला होता. झोळीतून काढलेला डावा हात छातीइतका गेला आणि थांबला. तिनं रेटला. आतून कोणीतरी दोर आवळल्यासारखा खांदा तिथंच अडला. तेल जळून काळं झालं, धुराचा अलार्म वाजायला लागला, आणि ती तशीच उभी.

प्रताप धावत आला. "काय झालं?"

"हात गेला माहा."

"गेला म्हणजे?"

"व्हता तठी नाही आता. तुमच्या मामाच्या गयात गेला." तिनं झोळी काढून त्याच्या हातात दिली. "केस हातासाठी हाय, का हात केससाठी? मले पैसे नाही देल्ले तरी चालंन. मले माहा हात पायजे. उद्या मडक्यावर काय तुमी टाकसान पोयी?"

तो अलार्मखाली वर्तमानपत्र हलवत राहिला.

संध्याकाळी शलाका आली तेव्हा तिला सांगावंच लागलं. ती खुर्चीत बसली. "प्रतापदादा, अहो, हा उलटा देश आहे! इथं कायदा विचारतो, तू बरं व्हायला काय केलंस? उपचार सोडले की तेवढी भरपाई कापतात. तुम्ही विमा कंपनीच्या हातात आयती काठी दिलीत."

"मी तिच्या भल्यासाठी…"

"माहितीये हो."

"मामाचं तिकडं चाललं," तो हळूच म्हणाला.

"अवो, मामाची मान तरी दुखत व्हती का?" जयंती स्वयंपाकघरातून ओरडली, आणि तेव्हा पहिल्यांदा तिघंही हसली. प्रताप शेवटी.

मग सुरू झालं ते पुन्हा पहिल्यापासून. भिंतीवर बोटांनी वर चढायचं, काठी धरून हात रेटायचा, रात्री बर्फाची पिशवी. फिजिओ तरुण पोरगा होता. त्याला खरं सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. नुसता म्हणाला, दुप्पट करावं लागेल. एक दिवस व्यायामाला कंटाळून ती शेडमध्ये गेली, टॉवेल काढला, आणि तोच ओला करून मडक्यावर टाकून पाहिला. गावात पोरींना असंच शिकवायचे. कणीक महाग, म्हणून आधी ओलं फडकं. मोठमाय मागं उभी राहून दोन्ही कोपरांना खालून बोट लावायची. बोटानं ढकलायची नाही, नुसतं लावायची. टॉवेल पहिल्यांदा जमिनीवर पडला, दुसऱ्यांदा शेगडीवर. जयंतीनं त्याला काटोलकडची एक शिवी दिली, जी इथं छापता येणार नाही, आणि पुन्हा पिळला.

उत्रेख्तला एप्रिलमध्ये तिघं गेली. डॉक्टर म्हातारे, चष्मा कपाळावर. त्यांनी फिजिओची कागदं बघून विचारलं, मध्ये महिनाभर काहीच का नाही? शलाकानं जयंतीकडं पाहिलं. जयंती तोंड उघडणार, एवढ्यात प्रताप उभा राहिला. शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखा. "दॅट वॉज माय आयडिया," तो म्हणाला. कान लाल. "शी डिड नॉट वॉन्ट."

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला आणि लिहिलं. मग तिला म्हणाले, हात जाईल तेवढा वर न्या. दुखेल तिथं थांबा.

ती दुखलं तिथं थांबली नाही. दुखल्याच्या थोडी पुढं जाऊन थांबली. डॉक्टरांना ते दिसलं असावं, कारण त्यांनी तिला पुन्हा एकदा, या वेळी खरोखर दुखेल तिथं, थांबायला सांगितलं.

निकाल यायला उन्हाळा गेला. सुई चुकीच्या जागी गेली हे मान्य झालं. डावा हात कामाचाच हात, हेही मान्य झालं. व्हिडिओ तज्ज्ञांनीही पाहिला होता. मधल्या महिन्याचं थोडं कापलं. आणि अहवालात एक ओळ होती, की शेवटची वीतभर उंची या खांद्याला बहुधा परत मिळणार नाही.

सप्टेंबरातल्या शनिवारी सकाळी मार्लीसबाईंचा फोन आला. शलाका शेडच्या दारात फोन स्पीकरवर धरून उभी, त्या म्हणतील ते मराठीत सांगत. "दोन रस्ते आहेत जयाताई. आत्ता सही करून केस बंद करता येते. किंवा आणखी वर्षभर थांबायचं, खांदा कुठं येऊन स्थिरावतो ते बघायचं. हात तिथंच अडला तर भरपाई वाढू शकते. पण मग पुन्हा तपासण्या."

प्रताप शेगडी पेटवत होता. त्यानं उन्हाळ्यात न बोलायची सवय लावून घेतली होती.

जयंतीनं परातीतून हात काढला नाही. "शलाका, तपासायले बसलो की मले तेच सांगा लागते न, काय होत नाही म्हनून. हे होत नाही, थे होत नाही. वर्षभर म्या तेच सांगतलं. आता आनखी एक वर्ष हात अडावा म्हनून वाट पाहू?"

"म्हणजे बंद करू?"

"कर. आन तिले म्हन, पोयी खायले ये. पन रांगेत उभं राहा लागीन."

शलाका हसत डचमध्ये बोलत बाहेर गेली. जयंतीनं कणीक उचलून आपटली, पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. तळवे ओले करून तिनं गोळा घेतला आणि झुलवू लागली. तो मनगटावर आला, थोडा पुढं उतरला. कोपरापर्यंत तिनं जाऊच दिला नाही. डावा खांदा वर जाताना कण्हला. पोळी पडली, मोठमायच्या मानानं अर्धीमुर्धी, एका बाजूला जरा जाड. पण मडक्यावरच पडली.

"आखूड झाली," प्रताप बोलून गेला.

"मंग दोन खाजा," ती म्हणाली. "आन गॅस वाढवा, दुसरी घेतो."